एकोणतीसचा पाढा

मंगळवार, १४ ऑक्टोबर. ऑफिसला सुट्टी टाकलेली. हातातलं काम: अंगणातली पानं कागदी पिशव्यांत भरणं. अडीच वाजता ते सोडून शेजारच्या काकांना घेऊन निघायचं ठरलं होतं, पण दोन वाजून दहा मिनिटांनीच काका कोट घालून माझ्या ड्राइव्हवेवर हजर.

मिशिगनमधल्या आमच्या अख्ख्या नोव्हाय गावात आजवर एकही दार लावून न घेतलेला माणूस म्हणजे हे काका. जानेवारीतही त्यांचं मागचं दार बोटभर उघडं आणि गाडीची काच खाली. नोकरी मात्र तीस वर्षं मोटारींच्या दारांच्या कड्या तपासण्याची. "आतून उघडतं का, एवढंच बघायचं. बाहेरून कुणीही उघडेल," असं ते फार गंभीरपणे सांगत. लग्नाच्या हॉलमध्ये त्यांची खुर्ची दाराशी. लिफ्टचं नाव नाही. अकराव्या मजल्यावरच्या एका बारशाला ते जिन्याने चढून पोचले तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. "बरं झालं, मला वाटलं मुलगी रांगायला लागली असेल," म्हणाले. कुणाकडे गणपतीला गेले की बाथरूमचं दार अर्धवट ठेवायचे आणि आतून मोठ्याने एकोणतीसचा पाढा म्हणायचे, म्हणजे कुणी चुकून आत शिरू नये. बाहेरच्या रांगेतलं कुणीतरी म्हणे, "एकोणतीस सत्ते दोनशे तीन झालंय, आता येतीलच." आम्ही सगळे हसायचो. सगळ्यांत मोठ्याने मी.

ऑगस्टमध्ये चार वर्षांच्या नातीने खेळता खेळता त्यांना कोठीच्या खोलीत बंद केलं. काकांनी खांदा मारून दार तोडलं. नात दारामागेच उभी होती. कपाळाला टेंगूळ आलं, त्यापेक्षा जास्त ती घाबरली. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, मोजकं बोलणारी. ती म्हणाली, "बाबा, यू नीड टू सी समवन. तोपर्यंत आय कान्ट लीव्ह हर विथ यू." त्या दिवसापासून नात आली नाही.

मी दर बुधवारी थेरपीला जाते हे मी लपवत नाही, म्हणून काका माझ्याकडे आले. "तुझी ती बुधवारची बाई कशी आहे गं?"

"कामाची आहे. पण तुम्ही तुमची शोधा."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मिशिगनचं लायसन्स आहे ना आणि आपला इन्शुरन्स घेतात ना ते विचारायचं. बंद दाराच्या अशा भीतीवर काम केलंय का, तेही विचारायचं. जाताना पोटात काहीतरी असावं. नंतर दोन तास कुठलंही काम ठेवायचं नाही आणि पहिल्या काही वेळा स्वतः ड्राइव्ह करायचं नाही. पहिल्याच दिवशी सगळं ओकायचं नाही. पटली नाही तर बदलायची, ती काही बायको नव्हे. काकांनी बावीस प्रश्नांची यादी केली आणि कड्या पुरवणाऱ्या कंपन्यांची घेत तशी चौघींची फोनवर परीक्षा घेतली. मराठी बोलणारी पहिल्याच फेरीत बाद. "मंडळात कळेल." चौथी पास झाली. बावीस प्रश्नांत दाराचा एक प्रश्न नव्हता, तो माझ्या लक्षात आला होता आणि मी बोलले नाही. ती चूक माझी.

वेटिंग रूममध्ये त्यांनी फॉर्म भरला. 'तुम्हाला इथे काय घेऊन आलं?' यापुढे लिहिलं, 'शेजारणीची मिनीव्हॅन.' मी म्हटलं, "काका, खोडा." त्यांनी खोडलं, पण दुसरं काही लिहिलं नाही.

तीन वाजता ती चौथी बाई आली, हसली आणि आपल्या खोलीचं दार धरून उभी राहिली. दार जाड होतं, आवाज बाहेर न जाणारं. काका उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. ओठ हलत होते. पाढा चालू होता, आवाज नव्हता. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"ठीक आहे. मुलीला काय सांगायचं?"

त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. ती बाई तशीच दार धरून होती.

"तू सांग हिला. दाराचं."

"मी नाही सांगणार. माझं नाही ते."

काका इंग्रजीत दिवसभर भाषण देऊ शकतात. त्यांनी दोनदा सुरुवात केली, "व्हेन आय वॉज," आणि दोन्हीदा तिथेच अडकले. तिसऱ्यांदा मराठीत म्हणाले, "मला कोंडायचे."

त्या बाईने अर्थ विचारला. लॉक केलं, असं म्हणता आलं असतं. पण लॉक तर गाडीसुद्धा करतात. 'कोंडलं' म्हटलं की आत कोणीतरी असतं. काका शब्द शोधत राहिले आणि मी जमिनीकडे बघत राहिले. शेवटी ते म्हणाले, "देअर वॉज अ चाइल्ड इनसाइड." आणि मग, "मी."

बाईने दारावरचा हात काढला. दार असंच उघडं राहू दे, यानंतर कुणाची अपॉइंटमेंट नाही, म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्या लक्षात आलं. मी पार्किंगमध्ये जाऊन बसले आणि पन्नास मिनिटं गाडीच्या घड्याळाकडे बघत होते. एका माणसाच्या घाबरण्यावर मी किती वर्षं हसले, याचा हिशेब लागेना.

काका आले, सीटबेल्ट लावला. काच खाली केली. घराच्या वळणावर म्हणाले, "पुढच्या मंगळवारी येणार का, विचारत होती."

"मग?"

"म्हटलं, ड्रायव्हरला विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या मी माझी दर मंगळवारची तीनची मीटिंग गुरुवारवर टाकली, पुढच्या जूनपर्यंत. मॅनेजरने कारण विचारलं. मी लिहिलं, 'घरचं काम.'