वारा नव्हता तेवढे दिवस

मॅट्रिक होऊन मी नागपूरला कॉलेजात गेलो, तेव्हापासून बाबांनी मला कामाला लावणं सोडलं. रागानं नव्हे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथी ओलांडली नव्हती; शिकलेल्या पोराला काय सांगावं, हे त्यांनाही ठाऊक नसावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मलकापूरला उतरून बैलगाडीनं घरी आलो, की माय मला पाहुण्यासारखा आधी चहा देई आणि दोघं खळ्यावर निघून जात. मी ओट्यावर पुस्तक उघडून बसे. वसतिगृहात शहरातली मुलं माझं 'मले', 'तुले' ऐकून हसत, म्हणून तिथं मी कमी बोलत असे. घरी बोलायचं होतं, तर घरात कोणी नसे.

त्या वर्षी गहू मळून झाला आणि वारा पडला. गहू उपणायला वारा लागतो. तिवईवर उभं राहून टोपल्यातून धार सोडायची; दाणा खाली पडतो, भुसा उडून पुढे जातो. बाबा रोज तिवईवर चढत, मूठभर भुसा सोडून बघत. तो सरळ पायाशी पडे. मला वाटलं, वारा आपणच केला तर? खरं म्हणजे मला त्या खळ्यावर उभं राहायला जागा हवी होती.

मायचा जुना चरखा माळ्यावर पडून होता. त्याचं चाक आणि दोरी घेतली, दोरीनं फिरणाऱ्या पुढच्या लहान आसाला रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याची चार सपाट पाती ठोकली आणि पंखा खळ्यावर नेला. पाती फिरली, खडखडाट झाला. समोरचा भुसा मात्र जागचा हलला नाही. शेजारचे काका बैल घेऊन चालले होते, ते थांबले.

"काऊन रे, कालेजात भिंगऱ्या करायले शिकवते का?"

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला सावलीत बसायला सांगितलं.

सावली धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या महारूखाची होती. त्याची वाळलेली फळं गळत होती: चपटी, मधे एक बी, दोन्ही टोकांना पातळ पंख. लहानपणी आम्ही ती उडवत असू, पण एकट्यानं इतका वेळ बघत मी कधी बसलो नव्हतो. प्रत्येक फळ गरगरत, रेंगाळत खाली येई. एक हातात घेतलं तर त्याला पीळ होता. ते थुंकीनं ओलं करून बोटांनी सरळ केलं आणि सोडलं. ते नुसतं डगमगत पडलं. पिळाचं सोडलं, ते फिरलं.

फळाला हवा फिरवते. मला फिरवून हवा ढकलायची होती. उलट्या बाजूनंही हेच लागू पडेल का, याची खात्री नव्हती. कॉलेजात प्रश्न विचारायची मला भीती वाटे, आणि इथं विचारणार कोणाला? मायची सांडशी आणून मी पाती थोडी थोडी पिळली, सगळी एकाच अंगाला. चाक फिरवलं. समोरचा भुसा सरकला.

बाबा त्या भुशाजवळ आले. मग तिवई पंख्यासमोर ओढून म्हणाले, "फिरव बे. जोरानं फिरव."

मी फिरवत राहिलो, दुसऱ्या दिवशीही. समोर बाबा टोपलं हलवत, माय दाण्यावरचा भुसा झाडून बाजूला सारी. त्यांचं काहीबाही बोलणं चाले. एकदा माय तोंडाला पदर लावून हसली. काय झालं, असं मी ओरडून विचारलं, पण पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही. तरी मला बरं वाटत होतं. तळहाताला फोड आले, ते मी मायला दाखवले नाहीत. तिनं मला थांबवलं असतं.

मग एका सकाळी पश्चिमेकडून वारा सुटला. बाबांनी तिवई उचलून वाऱ्याच्या तोंडाला मांडली. शेजारचे काका-काकू मदतीला आले. मी चाकाचा दांडा धरून उभा होतो.

"आता राहू दे," बाबा म्हणाले. "वारा आला. तुले अभ्यास असन. घरी जाय, ऊन लागन."

ती मायाच होती, मला कळत होतं. टोपली भरून देऊ का, असं मी विचारणार होतो. तेवढ्यात काकूंनी टोपलं उचललं. मी दोरी सोडवली, चाक खांद्यावर घेतलं आणि गावाकडे निघालो. मागून त्यांचं बोलणं आता स्पष्ट ऐकू येत होतं. कोणाच्या तरी म्हशीबद्दल चाललं होतं.