फिकट निळ्या पेशी

प्रयोगशाळेत तिला सगळे टिकटिकबाई म्हणत. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून ती पेशी मोजायची आणि प्रत्येक मेलेल्या पेशीमागे हातातल्या काउंटरचं बटण दाबायची. बावीस वर्षं हेच. घरी वाटाणेसुद्धा मोजून सोलते, असं नवरा चिडवायचा, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

यंदाचा प्रयोग मिलिमीटर लहरींचा होता. नव्या मोबाइल अँटेनांच्या जातीच्या, पण अगदी कमी ताकदीच्या लहरी त्वचेच्या पेशींना काही करतात का, हे पाहायचं होतं. शेजारी शेजारी दोन सारख्या पेट्या, दोन्हींत पेशींच्या बशा. रोज एकीत लहरी चालू, दुसरीत बंद. कुठली चालू ते फक्त संगणकाला ठाऊक. मोजणाऱ्याला कळता कामा नये, हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा पहिला नियम. मग पेशींवर निळा रंग घालायचा. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी रंग घेत नाही. घोडं अडतं ते फिकट निळ्या पेशींपाशी. त्यांचा निकाल मोजणाऱ्याच्या हाती.

तिसऱ्या आठवड्यात बशा काढताना तिचा हात एका पेटीच्या झाकणाला लागला. झाकण कोमट होतं. शेजारचं गार. लहरी कुठल्या पेटीत चालू आहेत ते बाईंना कळलं. तसंच उठून मॅडमना सांगायला हवं होतं, पण ताईचा विचार आडवा आला.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच हिच्या वेण्या घालून हिला शाळेत धाडलं होतं. ताईच्या खिडकीसमोरच्या गच्चीवर अँटेना बसला आणि काही दिवसांत तिच्या हातांना खाज सुटली. कातडी लाल, बोटांना भेगा. डॉक्टरचं मलम लावून ती रोज फोन करायची आणि विचारायची, तुमच्याकडे काही निघालं का.

मग कोमट पेटीतली पेशी फिकट निळी दिसली की बाईंचा अंगठा आपोआप दाबला जायचा. गार पेटीच्या वेळी तोच अंगठा मोठ्या मनाचा व्हायचा. आकडे तिने मनाने घातले नाहीत. फक्त संशयाचा फायदा एकाच बाजूला दिला, रोज, अकरा आठवडे.

आलेखात फरक दिसू लागला. मॅडम खूश झाल्या. बाईंना राहवलं नाही, फोनवर ताईला म्हणाल्या, "काहीतरी आहे गं." ताईने दोन महिन्यांत तीस वर्षांचं घर विकलं आणि मुलाकडे बैठकीच्या खोलीत दिवाणावर राहायला गेली.

शोधनिबंध पाठवायच्या आदल्या दिवशी मॅडमनी तिला छापील प्रत दाखवली. लेखकांत शेवटून दुसरं तिचं नाव होतं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते नाव बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच उभ्या उभ्या तिने झाकणाचं सांगून टाकलं.

मॅडमनी एवढंच विचारलं, "कधीपासून?"

"तिसऱ्या आठवड्यापासून."

निबंध थांबला. पेशींचे साठवलेले फोटो सरमिसळ करून दुसऱ्या विभागातल्या दोघांकडून मोजून घेतले. फरक उरला नाही. लहरी निर्दोष आहेत, असं त्यातून ठरलं नव्हतं. सगळं पहिल्यापासून करायला लागणार होतं, एवढंच. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नव्या वेळापत्रकात मोजणीपुढे दुसऱ्याचं नाव लिहिलं.

रविवारी ती ताईकडे गेली. ताईने आधी हातच पुढे केले. कातडी मऊ, भेगा भरलेल्या.

"बघ, तुझं ऐकलं म्हणून," ताई म्हणाली. मग सुनेच्या खोलीकडे बघत हळूच पुढे म्हणाली, "इथे भांड्यांना हात लावू देत नाहीत गं मला. तो साबण, ते पाणी, सगळं सुटलं. दिवसभर नुसती बसून असते."

 आता गप्प राहिलं तर जन्मभर गप्प राहावं लागेल, हे बाईंना कळलं. तिने ताईचे हात हातात घेतले आणि झाकणापासून सगळं सांगितलं.

ताईने सगळं ऐकून घेतलं. दिवाणाखाली तिची बॅग होती, अजून निम्मी भरलेली.

"मग मी घर का सोडलं गं?" तिने विचारलं.

"मी सांगितलं म्हणून."

ताईने हळूच आपले हात सोडवून घेतले.