दारावरचा पाला

चहा गार होऊ देऊ नका. मी सांगतोय तो गाढवपणा तसाही फार जुना आहे, देवीच्या साथी यायच्या त्या काळातला.

मी तेव्हा डहाणूला रेल्वेत पार्सल क्लार्क होतो, क्वार्टरमध्ये एकटाच. घोलवडचे एक बागायतदार शेठ चिकूच्या करंड्या पाठवायला यायचे. वय सत्तरीपार, पण गाल लालबुंद. एकदा मी न राहवून गुपित विचारलं. म्हणाले, "दीकरा, चहामां फुदिनो ने लीली चा. बीजुं कंई नहीं." लीली चा म्हणजे आपला गवती चहा.

झालं, माझं डोकं सुरू झालं. माझी आई लोणी कढवताना त्यात विड्याचं पान टाकायची, तूप खवट होऊ नये म्हणून. मग जे पान तूप टिकवतं, ते माणसाला का नाही टिकवणार? पुदिना, गवती चहा, तुळस, ओव्याची पानं, वासाचं दिसेल ते मी आणायला लागलो. सावलीत वाळवायला जागा एकच, पुढच्या दाराची चौकट. तिथे जुड्या टांगल्या. किडेमुंग्या लागू नयेत म्हणून भोवती कडुलिंबाचे भरघोस डहाळे बांधले.

दुसऱ्या दिवसापासून दूधवाला पायरीवरच दूध ठेवून, दाराला हात जोडून जायला लागला. शेजारची पोरं माझ्या ओट्यावर फिरकेनाशी झाली. मला वाटलं, बघा, इथल्या लोकांना वनस्पतींची किती कदर आहे.

आणि त्याच आठवड्यात वाणगावचे पाहुणे यायचे होते. मुलगी मी आधी बघून आलो होतो, आणि खरं सांगतो, मनापासून आवडली होती. आता तिचे वडील आणि आत्या घर बघायला येणार. तेवढं पसंत पडलं की सुपारी फुटली.

त्या दिवशी चेहऱ्यावर तेज यावं म्हणून मी ओव्याची पानं वाटून तोंडाला खसाखसा चोळली. चुरचुरायला लागलं, तर म्हटलं गुण येतोय. पाहुण्यांसाठी काढा उकळत ठेवला. काढा आटला तरी कोणी येईना. शेवटी बाहेर आलो, तर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन हिराबाय रस्त्यापलीकडे उभी. एरवी दारात येऊन बसणारी बाई ही.

"बाबू, घरात कोनाला देवी आल्यात?"

"देवी? कोणाला नाही. का गं?"

"मंग दारावर लिंब कशाला? आत्ता दोन पावनं आलते. लिंब बघून पायरीवरनंच पाया पडलं नि स्टेशनाकडं फिरलं." एवढं बोलून तिनं माझं तोंड नीट पाहिलं आणि दोन पावलं मागं सरली. "अगं बाय, तुलाच आल्यात की."

देवी निघालेल्या घराला कडुलिंब बांधतात, त्या घरात कोणी पाऊल टाकत नाही, हे मला काय ठाऊक नव्हतं? पण सुचलंच नाही.

तसाच पळत सुटलो. गाडी लागलेली, दोघं खिडकीशी बसलेले. मी धापा टाकत म्हणालो, "अहो, देवी नाहीत. तो पाला मीच बांधलाय. प्यायला."

वडिलांनी माझं पुरळ उठलेलं तोंड पाहिलं आणि खिडकी ओढून घेतली. गाडी हलली. मी बरोबर पळायला लागलो. "अहो, तोंडालाही मीच चोळलंय."

खिडकी पुन्हा उघडली. आत्याबाईंनी मला खालून वर न्याहाळलं आणि शांतपणे भावाला म्हणाल्या, "दादा, यांना देवी नाहीत. देवी आलेला माणूस अंथरुणातून उठत नाही, हे गाडीबरोबर पळतायत."

मला इतकं हायसं वाटलं की विचारू नका. लग्न वाचलं म्हणून घरी येऊन आटलेला काढा मीच पिऊन टाकला.

थोड्याच दिवसांत नकार आला. मी मध्यस्थाला गाठलं. म्हटलं, "अहो, मला देवी नव्हत्या हे त्यांना पटलं होतं ना?"

"पटलं म्हणून तर नकार," तो म्हणाला. "देवी असत्या तर बरे होईपर्यंत थांबणार होते."