ताईचं चिंबोऱ्यांचं औषध

डॉक्टरबाईंनी माझ्या उजव्या अंगठ्याला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गाऊट दिसतोय. रक्त तपासू, पण मला फारशी शंका नाही."

मी एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा, असा बसलो होतो. अंगठ्याच्या मुळाशी सांधा लालबुंद, चकचकीत सुजलेला. सकाळी उठल्यावर अंगावरच्या चादरीचा स्पर्शही सोसेना. बायको संगीता म्हणत होती, काहीतरी चावलं असेल. मला वाटत होतं, ठेच लागली असेल आणि कळलं नसेल. दवाखान्यात येताना तर कर्जतमधला एकही खड्डा रिक्षावाल्याने सोडला नाही.

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. शरीरात युरिक ॲसिड नावाचा कचरा तयार होतो आणि तो लघवीवाटे बाहेर जातो. तो जास्त झाला किंवा नीट बाहेर पडला नाही, की त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात साचतात. मग सांधा असा पेटतो. काही खाण्यांत प्युरीन नावाचा घटक जास्त असतो, त्यापासून हे ॲसिड बनतं.

"मटण, कलेजी, मासळी, दारू?" त्यांनी विचारलं.

"दारू घेत नाही. बाकीचं आजपासून बंद," मी म्हणालो. पाय इतका ठसठसत होता, की त्यांनी भात बंद करायला सांगितला असता तरी मी हो म्हणालो असतो.

सूज उतरायच्या गोळ्या घेऊन घरी आलो आणि खरी भीती वाटली. मी माथेरानला एका हॉटेलात आचारी आहे, राहायला खाली कर्जतला, भिसेगावात. पावसाळ्यात आमचं हॉटेल बंद असतं, दिवाळीच्या आधी उघडतं. माथेरानात गाड्या चालत नाहीत. दस्तुरी नाक्यावर टॅक्सी सोडायची आणि पुढे लाल मातीतून चालत जायचं. घोडे आहेत, पण घोड्यावर पाहुणे बसतात, आचारी नाही. बरं, वर पोचून तरी बसायला मिळतं का? दिवसभर शेगडीपुढे उभं राहायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण शिकवणार? आणि मला दुसरं काम नकोही होतं. दिवाळीपर्यंत हा पाय धड होतो की नाही, एवढा एकच प्रश्न डोक्यात होता.

तुमच्यापैकी कुणाला गाऊट झाला असेल, तर पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. बातमी पसरली आणि औषधं घरी चालत आली. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला आणला. तो तव्यावर गरम करून संगीताने अंगठ्यावर ठेवला आणि मी जो ओरडलो, तो दोन घरं पलीकडे ऐकू गेला. एकाने कडुनिंबावरची गुळवेल तोडून दिली, काढा करायला. कुणी मेथीदाणे भिजवून खायला सांगितले, कुणी सुंठ, कुणी आंबेहळदीचा लेप. मी सगळं केलं. घाबरलेला माणूस नाही म्हणत नाही.

डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं, तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "सांधा पेटलेला असताना शेक नको, गार कपडा ठेवा. निर्गुडी नंतर, गुडघा-कंबर आखडली तर खुशाल शेका. मेथी, सुंठ स्वयंपाकात असतेच, तेवढी चालेल. पण गुळवेल थांबवा. तिने गाऊट बरा होतो असं मी ठामपणे सांगू शकत नाही, आणि काही जणांच्या लिव्हरला, म्हणजे यकृताला, तिचा त्रास झालेला आहे. झाडपाला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जे घ्याल ते मला सांगत जा."

जे घ्याल ते सांगत जा. मी मान डोलावली, आणि एक गोष्ट सांगायची राहिली. लपवली नाही हो. ती सांगण्यासारखी आहे, हे डोक्यातच आलं नाही.

ती म्हणजे ताईचा रस्सा.

ताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, ताईने मला मांडीवर वाढवलं. तिचं सासर खालापूरजवळच्या एका गावात. माझा पाय धरल्याचं कळल्यावर ती साठी उलटलेली बाई डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन पावसात ओढ्यावर गेली आणि दगड उलटून काळ्या चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, पकडून घेऊन आली. आमच्याकडे कुणाचं हाड मोडो, बाळंतीण अशक्त होवो, म्हाताऱ्याचे गुडघे धरोत, चिंबोऱ्यांचा रस्सा ठरलेला. चिंबोऱ्या पाट्यावर वाटायच्या, पाणी घालून फडक्यातून गाळायच्या आणि ते पाणी लसूण-मिरी-कोकम घालून उकळायचं. वास असा, की मेलेला माणूस उठून ताट मागेल.

"पी रं गरम गरम," ताई म्हणायची. "हाडाला ताकद येती. त्या गोळ्यांनी काय व्हतंय?"

ती आमच्याकडेच मुक्कामाला राहिली. मध्ये मध्ये एसटीने गावाला जायची आणि किटली भरून परत यायची. मी रोज वाडगाभर रस्सा प्यायचो. मटण, मासळीला हात लावत नव्हतो, याचा मला अभिमान होता. रस्सा खाण्यात धरलाच नव्हता. तो औषधात मोडत होता.

अंगठ्याची सूज उतरली. मी अंगणात चालू लागलो. ताई सगळ्यांना सांगत सुटली, बघा माझ्या चिंबोऱ्यांचा गुण. आणि मग एका सकाळी डावा पाय धरला, घोट्यापासून. पहिल्यापेक्षा वाईट. मी संगीताला म्हणालो, "माथेरान संपलं आता." आणि रडलो. लहान पोरासारखा रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

संगीता मला परत दवाखान्यात घेऊन गेली. रक्ताचा रिपोर्ट आला होता, युरिक ॲसिड चढलेलंच होतं. ताई गावाहून निघालेली, ती फोनवर कळल्यावर घरी न जाता थेट दवाखान्यातच आली. हातात किटली. आमचा नंबर लागला तशी तीही आत आली आणि खोलीभर लसणाचा वास सुटला.

"हे काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अवषद हाय," ताई मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "चिंबोऱ्यांचा रस्सा. रोज पाजते त्याला."

"रोज?" डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर सगळं बंद केलं होतं ना?"

"मांस नसतं त्यात मॅडम," मी म्हणालो. "गाळून घेते ती."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांना हसू आलं, मग त्यांनी ते आवरलं. "अहो, प्युरीन पाण्यात उतरतं. तुम्ही चोथा टाकत होतात आणि नेमकं नको ते पीत होतात."

संगीताने तोंडाला पदर लावला. पण ताईचा चेहरा पाहिला आणि माझं दुखणं मी विसरलो. ती किटली छातीशी धरून उभी होती.

"मंजे याचा पाय मी सुजवला?" तिने विचारलं.

"तसं नका म्हणू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा आजार मुळात त्यांच्या शरीरात आहे, कधी कधी काही न करताही असा झटका येतो. रस्सा बंद करा, एवढंच. आणि पाणी भरपूर पाजा. त्यांची किडनी चांगली आहे, तेव्हा पाणी हेच मोठं औषध."

घरी आल्यावर ताईने किटली परसातल्या अळवात रिकामी केली आणि संध्याकाळच्या एसटीने निघून गेली. पुढे बरेच दिवस ती आली नाही. सूज उतरायला लागली तरी मला चैन पडेना. शेवटी मी फोन केला.

"ताई, रागावलीस गं?"

"तुज्यावर कशाला रागवू रं? मला माझीच लाज वाटते. मी तुला इख पाजलं."

"इख कसलं? इतका चांगला रस्सा माझ्या हॉटेलात बनत नाय."

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन हजर झाली. "डॉक्टरीण बोलली ना, पानी पाजायचं? मंग मी पाजते." तांब्या-भांडं घेऊन ती माझ्याजवळ बसली ती बसलीच. कधी साधं पाणी, कधी बिनसाखरेचं कोकम. मी नको म्हटलं की म्हणायची, "गप पी. तवा रस्सा कसा मुकाट प्यायचास?" पाणी पिऊन पिऊन माझ्या नाकी नऊ आले.

युरिक ॲसिड कमी करायची गोळी डॉक्टरबाईंनी सुरू केली. ती मी अजून घेतो, दुखत नसतानाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण दुखणं थांबलं की गोळी सोडायचा मोह प्रत्येकाला होतो. थोडं वजन उतरवलं. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला होता. दिवाळीआधी दस्तुरीला उतरलो आणि हळूहळू, ओळखीच्या घोडेवाल्यांची चेष्टा ऐकत, माझ्या पायांनी हॉटेलपर्यंत गेलो. शेगडी पेटवली आणि कामाला लागलो.

यंदाच्या पावसाळ्यात हॉटेल बंद झाल्यावर ताईकडे गेलो. तिने दुधीची भाजी केली होती. सगळ्यांच्या ताटात दुधीच. भाच्याने सांगितलं, "मामा, वर्ष झालं, या घरात चिंबोरी शिजली नाय. आईनं सोडली." ताईला चिंबोरीएवढं दुसरं काही आवडत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन मी ओढ्यावर गेलो. दगड मीच उलटले, पाण्यात उभं राहून. घरी येऊन पाट्यावर वाटलं, गाळलं, फोडणी दिली. एका चमच्याने काही होत नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात, पण मी एका चमच्यावर थांबणारा नाही. म्हणून चव न घेता, नुसत्या वासावर केला.

ताई आधी घेईना. मी वाडगा तिच्या हातात दिला आणि समोर बसलो. तिने एक घोट घेतला. मग दुसरा. डोळे पुसले आणि म्हणाली, "मीठ कमी हाय रं."

मी उठलो आणि मीठ आणायला आत चालत गेलो.