काठ्या जुळलेल्या असाव्यात का

आमच्या घराण्यात गोल्फ आला तो भंगारातून. थोरला भाऊ कोंढ्याला धान पिकवतो, मी भंडाऱ्याला हार्डवेअरचं दुकान चालवतो. पितळी भांड्यांच्या दुकानांमागे जो भंगारवाला बसतो, तो दादाचा शाळेपासूनचा दोस्त. कुणा साहेबाच्या बंगल्यातून आलेली एक काठी त्याने वितळवायला न देता बाजूला ठेवली, कारण तिचं डोकं पितळेचं होतं आणि त्याला ती कुठल्यातरी देवाची वाटली. दादाने ती आणली. मग मिळतील तशा बाकीच्याही आणल्या. कुठलीच दुसरीशी जुळत नव्हती. एकीची दांडी लोखंडी, एकीची वेतासारखी लवणारी, एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

धान निघालं आणि शेतामागची बोडी आटली, की त्या लहानशा तळ्याच्या कोरड्या मातीत आम्ही खेळायचो. मधोमध भोकाऐवजी जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं पातेलं, पुरलेला, उजव्या कडेला पळसाचं झाड. गावातले चार लोक पारीवर, बोडीच्या बांधावर, बसून बघायचे. माझी बायको म्हणायची, "धान कापाले बोलावलं तं कंबर दुखते, अन् मातीले माराले बरी वाकते!"

मी मोबाईलवर व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालो होतो. खेळता येत नव्हतं, एवढीच उणीव. माझं मत पक्कं होतं: सेट जुळलेलाच हवा. लांबी कमीजास्त असो, पण वजन, लवचीकपणा, मूठ एका घराण्याची पाहिजे. हात एकदा शिकला की तोच फटका सगळ्यांना चालतो.

"शंकरपटात जोडी लावताना एक बैल उंच अन् एक बुटका चालते का?" मी दादाला विचारलं.

"बैल दोन्ही संग धावतात, बाबू. काठी मी एका टायमाले एकच मारतो," तो म्हणाला आणि चेंडू गंजाच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

त्याला प्रत्येक काठीचा स्वभाव ठाऊक होता. ही डावीकडे ओढते, हिला जोर सहन होत नाही, ही सकाळी बरी चालते. मी ईर्षेने नागपूरहून वापरलेला, पण जुळलेला सेट आणला. परिणाम एवढाच झाला की माझी प्रत्येक काठी आता सारखीच वाईट मारू लागली.

गेल्या हिवाळ्यात दादाचे चेंडू उजवीकडे जायला लागले. आधी एका काठीचे. तो म्हणाला, हिची दांडी वाकली. मग दुसरीचे. हिची मूठ सैल झाली म्हणून त्याने नवी ट्यूब आवळून बांधली. एकदा काठी फटक्यासरशी हातातून निसटून मातीच्या भेगेत जाऊन पडली. पाळलेलं कुत्रं आपल्याच अंगावर गुरकावल्यावर बघावं, तसा तो तिच्याकडे बघत राहिला.

मी खुशीत होतो. "सांगून राहिलो होतो न तुले, सेट पाहिजे म्हणून!"

त्याने मुठीवरची ट्यूब पुन्हा आवळली. दादा उलटून बोलत नाही, हे आमच्या घरात चांगलं लक्षण नाही.

शेवटी एका दुपारी मी माझी पिशवी त्याच्यापुढे ठेवली. "आज याच्यानं मार. मंग बोल."

त्याने मारलं. चेंडू पळसाखाली गेला. दुसराही तिथेच. काठी बदलली, पुन्हा बदलली. लांब झाली, आखूड झाली, चेंडू पळसाखालीच. एकाच कोंबडीने अंडी घालून ठेवावीत तसे ते पांढरे चेंडू तिथे जमत गेले. पारीवरचे लोक हसले, मीही हसलो.

जुळलेल्या सेटचा हा गुण मला कुठल्याच व्हिडिओत दिसला नव्हता. काठ्या वेगवेगळ्या असतात तोवर प्रत्येक चुकीला वेगळं कारण सापडतं. सगळ्या सारख्या असल्या आणि सारख्याच चुकल्या, की बघायला एकच गोष्ट उरते. मी त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. बोटं मुठीवर ठेवलेली होती, धरलेली नव्हती. अंगठ्याशेजारचं मांस खाली बसलं होतं.

वहिनी चहा घेऊन आली. "काय झालं, भाऊजी?"

"काही नाही, काठ्यांचं..."

"काठ्यांचं नोका सांगू मले. दिवाळीपासून ह्यायच्या शर्टाच्या बटना मीच लावून राहिली. इचारलं तं म्हणतात, बटनाच मोठ्या आहेत."

"तू चूप बस," दादा म्हणाला.

"डावा हात दाखव," मी म्हणालो.

"काहून? तू डॉक्टर आहेस का? बिजागऱ्या इकतोस तू!"

"तरी दाखव."

त्याने हात खिशात घालायचा प्रयत्न केला. हाताला खिसा लगेच सापडला नाही. वहिनीने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने भंडाऱ्याला दवाखान्यात निघालो. माझ्या सेटची किंमत विचारून, दुकानदाराने मला कसं गंडवलं ते दादाने शेजारच्या प्रवाशाला मजेत सांगितलं. मी हसायच्या जागी हसत होतो. तिकीट मात्र त्याने उजव्या हाताने डाव्या खिशात, अंगाला वळसा घालून ठेवलं.

डॉक्टरीणबाई वयाने आमच्या पोरींएवढी. तिने आपली बोटं त्याच्या उजव्या मुठीत दिली आणि म्हणाली, "दाबा." लगेच हात सोडवून घेतला. "अहो, हळू!"

दादा खूश झाला. माझ्याकडे बघून त्याने भुवया उडवल्या.

"आता डाव्याने. असेल तेवढा जोर लावा."

त्याने दात आवळले. मानेची शीर फुगली, कपाळावर घाम आला. तिची बोटं त्याच्या मुठीत तशीच सैल होती, आणि ती त्या बोटांकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"दाबा काका," ती हळूच म्हणाली.

"दाबूनच तं राहिलो, बाई."