मावशीचे हिरवे ठिपके

घरात कुणाला साधी शिंक आली तरी मावशीला विचारायचं, असा रिवाजच पडला होता. का, तर मावशी हृदयाच्या लॅबमध्ये कामाला! जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलांचं ऑपरेशन झालं की कापून काढलेला स्नायूचा तुकडा तिच्याकडे यायचा. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, रंग चढवायचा आणि काचपट्टी संशोधक मॅडमसमोर ठेवायची. वाढू लागलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकायच्या. ते ठिपके बघून बघून मावशीबाईंना वाटायला लागलं, आपण अर्ध्या डॉक्टर झालो.

म्हणून भाचीचं तान्हं बाळ रडताना निळं पडू लागलं आणि सर्जन म्हणाले, "ऑपरेशन लवकर उरका," तेव्हा मावशीने ठासून सांगितलं, "अगं, एवढ्याशा जिवावर सुरी कशाला? बाळांचं हृदय नवा स्नायू आपणच बनवतं. मी रोज डोळ्यांनी बघते ना! जरा अंग धरू दे त्याला."

भाचीला तेच ऐकायचं होतं. लेकराला कापायला कुठली आई धजते?

बाळाने अंग काही धरलं नाही. एका सकाळी दूध पिता पिता निळं पडलं, ते शुद्धीवरच येईना. धावतपळत ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण उशीर झाल्याने हृदय फार थकलंय, असं सर्जन म्हणाले.

लॅबमध्ये मावशीने चाचरत विचारलं, "मॅडम, हिरवा ठिपका म्हणजे नवी पेशीच ना?"

"छे हो! या मुलांमध्ये तिथेच तर घोडं अडतं. पेशी दुभंगायला निघते, आत केंद्रकं दोन होतात, पण पेशी कित्येकदा एकच राहते. एका घरात दोन चुली मांडल्या म्हणून घरं दोन झाली का?"

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं चकत्या कापल्या आणि हे एकदाही विचारलं नाही!

बाळाला वॉर्डात आणलं त्या संध्याकाळी ती गेली. भाचीच्या मांडीवर ते निजलं होतं. मावशीने त्याचा पाय हातात घेतला.

"मावशी, आता तरी होईल ना गं नवा स्नायू?" भाचीने विचारलं.

"मला माहीत नाही," मावशी म्हणाली. "तेव्हाही माहीत नव्हतं गं. उगाच शहाणपणा केला मी. चुकले."

भाची रडली नाही, भांडली नाही. तिने बाळाचा पाय मावशीच्या हातातून हळूच सोडवला आणि दुपट्यात गुंडाळून घेतला.