हिरवा पुठ्ठा

अंबाजी चोगले आयुष्यात एकदाच विमानाने परदेशी निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. तरी दिवेआगरपासून म्हसळ्यापर्यंत कुणा खलाशाला ‘विमानाने जाऊन बोट पकड’ असं बोलावणं आलं, की तो आधी भरडखोलला येऊन अंबाजीच्या पडवीत बसायचा. अंबाजी जाळं विणता विणता सगळं सांगायचा. न हसता.

त्याचं बोलावणं आलं ते एकसष्ट सालच्या मार्चात. तेव्हा तो चौतिशीचा. आठ वर्षं बोटींच्या डेकवर काढलेली, पण एकदा बोटीवरून उतरला की पुढच्या बोटीसाठी मुंबईत नंबर लावून बसावं लागे, आणि तो नंबर दोन वर्षं हलला नव्हता. दोन वर्षं भावाच्या होडीवर हात मारून खाल्लं. मग एक दिवस तार आली. हौशी गोऱ्या लोकांना बंदरं दाखवत फिरवणारी मोठी बोट इटलीत नेपल्सला लागली होती, तिथे तिच्या एका खलाशाचा पाय मोडला होता. बदली माणूस बुधवारी संध्याकाळच्या आत हवा होता. त्यानंतर बोट सुटणार. पोचला तर दोन वर्षांची नोकरी. न पोचला तर नंबर गेला, आणि वर नल्लीत शिक्का.

नल्ली म्हणजे खलाशाचं पुस्तक. जुने लोक ते पत्र्याच्या नळीत घालून ठेवत. फोटो, अंगठा, आजवरच्या बोटी, सगळं त्यात. ती नसली तर खलाशी म्हणजे रस्त्यावरचा माणूस.

मुंबईत डोंगरीला गावच्या खलाशांच्या खोलीवर येसाजी सारंग होता. चाळीस वर्षं बोटींवर काढलेला, खलाशांचा मुकादम राहिलेला म्हातारा. त्याने अंबाजीला समोर बसवून बजावलं, “नल्ली पेटीत ठेव. पेटीला कुलूप घाल. चावी गळ्यात. खिशातलं जातं रे, पेटीतलं जात न्हाय.”

येसाजी कधी विमानात बसला नव्हता. बोटीवर पेटी खलाशाच्या बाकाखाली असते, रात्रंदिवस त्याच्या पायाशी. विमानात ती माणसापासून वेगळी जाते, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी सांताक्रूझला कस्टमच्या टेबलावर पेटी उघडलीच होती, तेव्हा शिक्का मारून मिळालेली नल्ली अंबाजीने आत ठेवली. बायजाने, म्हणजे त्याच्या बायकोने, बांधून दिलेल्या सोड्यांच्या आणि सुकटीच्या पुरचुंड्यांवर. कुलूप लावलं आणि चावी गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

दुपारी रोमला जाणारं ते विमान बैरूतला तेल घ्यायला उतरलं. सगळ्यांना खाली उतरवलं, दारात एका बाईने प्रत्येकाच्या हातावर एकेक हिरवा पुठ्ठा ठेवला. परत चढताना हा द्यायचा, एवढं बाईच्या खुणांवरून अंबाजीला कळलं. मोठ्या दालनात बाकं होती, भिंतभर काच होती. काचेतून आपलं विमान दिसेल अशी जागा धरून तो बसला.

आता आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला विचारा, सुटायची वेळ कशी कळते? मुंबईहून येणारी आगबोट श्रीवर्धनला बाहेर उभी राहिली, की भोंगा देते. पहिला भोंगा, सामान आवरा. दुसरा, किनाऱ्यावरून माणसं आणणाऱ्या पडावातून वर चढा. तिसरा, शिडी उचलली. भोंग्याशिवाय बोट हलली असं कुणी बापजन्मी पाहिलं नव्हतं. अंबाजी कान टवकारून बसला. डोळा लागू दिला नाही. कर्ण्यातून कुणी बाई बोलत होती, ती पहिल्या वर्गाच्या लोकांशी बोलत असणार. आगबोटीवरही वरच्या वर्गाला कारकून जाऊन सांगतो, डेकवाल्यांना भोंगाच. माणसं चालत विमानाकडे गेली, ती त्याने पाहिली. जाऊ देत, म्हणाला, साहेब लोक आधी. मग शिडी बाजूला झाली. तरी भोंगा नाही. पंखांखालून धूर निघाला तेव्हा अंबाजी उठला आणि दाराकडे धावला.

दारावरच्या शिपायाने त्याच्या छातीवर आडवा हात धरला. काचेपलीकडून विमान वळलं आणि गेलं. पेटी त्यात, पेटीत नल्ली. चावी ह्याच्या गळ्यात.

पुढे तीन दिवस तो त्या दालनात होता.

बाहेर जायचं दार होतं, पण तिथला साहेब पुस्तक मागायचा. विमानाकडे जायचं दार होतं, तिथला शिपाईही पुस्तक मागायचा. अंबाजी दोघांनाही हिरवा पुठ्ठा दाखवायचा. दोघेही मान हलवून बाकाकडे बोट करायचे. मारलं नाही, ओरडले नाहीत. कंपनीच्या माणसाने दोन वेळचा पावही आणून दिला. पावासोबत जांभळासारखी फळं होती, तोंडात टाकली तर खारट.

काचेपलीकडे धावपट्टी होती आणि धावपट्टीपलीकडे समुद्र. इतका जवळ, की लाटेची पांढरी कड दिसावी. पण वास नाही, आवाज नाही. अंबाजी लहानपणापासून पाण्यावरून वेळ सांगणारा माणूस. त्याने काठावरचा एक काळा दगड हेरला आणि पाणी कधी त्याच्यावर चढतं ते बघत बसला. सोमवार मावळेपर्यंत पाहिलं. मंगळवारी उजाडल्यापासून पाहिलं. दगड तिथेच, पाणी तिथेच. त्या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, हे त्याला पुढे कुणीतरी सांगितलं. त्या दिवशी मात्र त्याला वाटलं, आपल्याबरोबर पाणीपण अडकलंय.

मंगळवारी दुपारी लंडनला चाललेला भुलेश्वरचा एक गुजराती शेठ बायकोसह शेजारच्या बाकावर टेकला. अंबाजीची टोपी बघून म्हणाला, “काय भाई, मुंबईचा का? असा बावरून का बसला?”

अंबाजीने सगळं सांगितलं. शेठाणी पदराआड हसली. शेठ हसला नाही.

“अरे पण भोंगा कोण मारेल? विमान छे. भोंगा मारला तर लोक घाबरून मरे.”

“मंग सांगतात कसं?”

“बाई बोलते ना कर्ण्यात.”

“मला नाव घेऊन कुणी बोललं न्हाय.”

“तू कोण लाटसाहेब, नाव घ्यायला?” शेठ म्हणाला, पण उठला आणि खिडकीशी जाऊन कारकुनाशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “ऐक. तुझी पेटी रोमला आहे. तू पुस्तक दाखवशील तर तुला रोमला सोडू, म्हणतात. मी बोललो, पुस्तक पेटीत आहे, पेटी उघडा. तर म्हणतात, कुलूप आहे, मालकाने येऊन उघडावी.”

“मालक हितं हाय.”

“तेच तर.”

“तोडा म्हणावं कुलूप.”

शेठने कागद लिहून घेतला, अंबाजीची सही घेतली आणि कंपनीकडून रोमला तार करवली. त्याच्या विमानाची वेळ झाली तशी तो उठला. चार पावलं गेला आणि परत फिरला. “आता भोंग्याची वाट नको बघू हां. दर दोन घंट्यानी जाऊन विचारायचं. लाज नाही धरायची.”

अंबाजीने तेच केलं. दर दोन तासांनी खिडकीशी जाऊन उभा राहायचा. बोलायला एकच शब्द होता, “रोम?” कारकून मान हलवायचा.

बुधवारी दुपारी उत्तर आलं. कारकुनाने कागदावर चित्र काढून समजावलं. एक पेटी, तिच्यापासून निघालेली रेघ, आणि रेघेच्या टोकाला धुरांडं असलेली बोट. पेटीवर येसाजीने तेलरंगाने बोटीचं नाव लिहिलं होतं, हरवू नये म्हणून. रोमच्या लोकांनी ते वाचलं आणि पेटी इमानाने नेपल्सला बोटीवर पोचवली. मंगळवारीच.

अंबाजी बाकावर जाऊन बसला. त्याने चावी दोऱ्यातून काढली, पाहिली, पुन्हा ओवली. दगडावर ऊन तिरपं झालं. नेपल्सला आता शिडी उचलत असतील, तिसरा भोंगा होत असेल, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. फरशी पुसणारा म्हातारा आला, त्याने अंबाजीचे पाय हाताने हळूच उचलले, खालची फरशी पुसली आणि पाय परत ठेवले.

गुरुवारी कंपनीने मागवलेला आपल्या वकिलातीचा कागद आला. एक माणूस त्याला भलत्याच मागच्या दाराने मुंबईच्या विमानापर्यंत घेऊन गेला. हिरवा पुठ्ठा कुणी मागितलाच नाही.

पेटीने मात्र पुरती सफर केली. आठ महिन्यांनी बोट मुंबईला लागली तेव्हा ती परत आली, कुलूप शाबूत. आतली सुकट पिठासारखी झाली होती आणि नल्लीला तिचा वास बसला होता. मुंबईच्या कचेरीत नल्ली उघडली गेली आणि शेवटच्या पानावर तांबडा शिक्का पडला, ‘हजर झाला नाही’. त्या शिक्क्यावर पुढे कुणी बोट दिली नाही. अंबाजी भावाच्या होडीवर परत गेला. होडी सांजेला किनाऱ्याला लागे. तो कुठेच पोचत नसे.

पासष्ट साली त्याचा भाचा गुणाजी पेढे घेऊन आला. त्यालाही तार आली होती. तीच वाट, बैरूतवरून.

“बस,” अंबाजी म्हणाला. “नल्ली पोटाशी बांध, सदऱ्याच्या आत. आंघोळीला पण सोडू नको. बोट ज्या दिवशी सुटणार, त्याच्या आदल्या दिवशी पोचायचं. त्याच दिवशी पोचणारा पोचत न्हाय. आनि इचारायचं. वर्दीवाला दिसला की तिकीट दाखवून इचारायचं.”

“किती वेळा?”

“तो कटाळस्तोवर.”

“मामा,” गुणाजी हसत म्हणाला, “येसाजी सारंग बसलाच नव्हता, तुम्ही बसलाव तर अर्धंच. आमच्या नशिबाला सगळे असलेच गुरुजी.”

“अर्धं बसलो म्हनून तर ठावं हाय, कुठं तुटतं ते.”

बायजा आतून म्हणाली, “त्याला पुठ्ठा दाखवा की. येईल त्याला दाखवता.”

अंबाजीने फळीवरच्या डब्यातून हिरवा पुठ्ठा काढला. कडा मऊ पडल्या होत्या. “हा दारात द्यायचा असतो. माझा ऱ्हायला. हा दिल्याबिगर तिथून मानूस सुटला असं होत न्हाय.”

“द्या इकडं. त्याच वाटेने जातोय, देतो त्यांना.”

अंबाजीने पुठ्ठ्याची मऊ कड अंगठ्याने सरळ केली. मग दिला.

महिनाभराने नेपल्सहून जाड पाकीट आलं. गुणाजीने लिहिलं होतं, एक दिवस आधी पोचलो, बैरूतला सात वेळा विचारलं, शिपाई मला बघितलं की तोंड फिरवायचा. बोटीवर जागा चांगली आहे. आणि खाली, वेगळ्या शाईने: ‘मामा, दारातल्या बाईला तुमचा पुठ्ठा दिला. तिने उलटा-सुलटा करून पाहिला, दुसऱ्या बाईला दाखवला. आता निळे पुठ्ठे असतात. हिरवा घेत नाहीत, म्हणाली. सोबत परत पाठवत आहे.’

पाकिटातून पुठ्ठा बायजाच्या मांडीवर पडला. तिने तो उचलला आणि फळीवरच्या डब्याकडे हात नेला.

“तिथं नको,” अंबाजी म्हणाला. त्याने तिच्या हातून पुठ्ठा घेतला, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातला, वरून बटण लावलं आणि होडी लोटायला गेला.